रेघ

कराडच्या कॉलेजात एकतीस वर्षं
मी दगड पुसले.
काचेच्या कपाटात, कापसावर,
प्रत्येकाच्या पोटाला पांढरा ठिपका, ठिपक्यावर आकडा.
चौदा ते एकोणीस, हेमेटाइट.

चौदा नंबर आरशासारखा. त्यात बघून मी टिकली सारखी करायचे.
पंधरा म्हणजे बोकडाचे गुर्दे, खाटकाच्या ताटातले, फक्त थंडगार.
सोळाला पापुद्रे. सतरा निव्वळ गेरू,
हाताळला की दिवसभर पदरावर बसून राहायचा.
एकोणीस कुठला, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.
त्याची चिठ्ठी वाळवीनं खाल्ली होती.

पोरं दरसाल फसायची.
काळा आहे, चमकतो, म्हणजे मॅग्नेटाइट. लिहून मोकळी.
उबाळे सर फरशीचा फुटका तुकडा पुढे करायचे,
मागची, खरबरीत बाजू.
"रंगावर जाऊ नका. ओढा."
आणि काळ्यातून लाल रेघ निघायची.
दरसाल एखादी मुलगी घाबरून आपलं बोट बघायची.

गेरू मला सरांच्या आधीपासून ठाऊक.
अंगावर पित्त उठलं की आई उगाळून फासायची,
मी खांबाला टेकले की खांब लाल.
आणि आमच्या गल्लीतले पोतदार
दागिना उजळायला त्याच्याच लगद्यात बुडवायचे.
लोखंडाच्या मातीनं सोन्याला रंग चढतो
हे त्यांनी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही.

एकदा एक संग्राहक आले.
मखमलीची पेटी, गळ्यात भिंग.
चौदा नंबरपुढे तासभर उभे.
"पाती बघा, गुलाबासारखी उलगडलीयत."
मोठा आकडा बोलले. सर म्हणाले, कॉलेजचा आहे.
त्यांनी तो हातात घेतला, ठेवला, परत घेतला,
बाळंतिणीकडून बाळ घेतात तसा.
मी फरशी पुढे केली. रेघ ओढून बघता?
"छे छे! ओरखडा पडेल."
दगड त्यांनी छातीशीच धरला.

माझ्या निवृत्तीच्या साली, गौरीच्या सुट्टीनंतर,
महाबळेश्वरकडून बाबालाल धावड आला,
भाचीला हॉस्टेलवर सोडायला.
गोणपाटात एक काळा गोळा.
स्ट्रॉबेरीचे वाफे काढताना कुदळीला लागलेला.
"उल्का असेल का, काकू? लाखाला जाते म्हणतात."

मी उचलला. जड, पण हेमेटाइटइतका नाही.
अंगभर बुडबुडे,
एका कडेला वाहता वाहता थिजल्याची सुरकुती,
दुधावरच्या सायीसारखी.
फरशीवर ओढला. फरशीच चरली.
रेघ नाही.

सर आत होते. मी बोलावलं नाही.
"बाबालाल, तुमचं आडनाव कशावरून पडलं?"
"आमच्यात सगळेच धावड. कोणीतरी जोरात धावत असेल."

मग मीच सांगितलं.
जांभ्यातली लोखंडी खडी वेचायची, पाटीनं वाहायची,
कोळशावर थर रचायचे,
आणि कातड्याचा भाता, रात्रभर, आळीपाळीनं.
लोखंड तळाशी बसायचं, मळ वाहून जायचा.
हा दगड नाही. हे कीट.
लोखंडाचे विळे झाले, पळ्या झाल्या, नाल झाले, झिजून गेले.
भट्ट्या विझून शंभर-दीडशे वर्षं झाली असतील.
हे कुणालाच नको होतं. म्हणून राहिलं.

"म्हणजे किंमत?"
"काही नाही."

तो बराच वेळ एकेका भोकात करंगळी घालून बघत बसला.
"ही भोकं कशानं?"
"आत हवा कोंडली की पडतात."
"भात्याची?"
खरं उत्तर मला माहीत होतं, सरांनी शिकवलेलं.
मी म्हटलं, असेल.

गोणपाट माझ्या टेबलावरच राहिलं.
गोळा काखेत धरून तो एसटी स्टँडकडे गेला,
मध्येच थांबून त्यानं काख बदलली.

फरशीवर ओरखडा उरला, बिनरंगाचा.
निघताना ती मी घरी आणली, कुणी विचारलं नाही.
तिच्यावर आता चहाचं पातेलं उतरवते.